दंडावरचे जुने लष्करी बिल्ले: कोणाचे आणि कधीचे, हे कसं ओळखायचं?

खाकीवेडा

नमस्कार मंडळी. नाणी आणि तिकिटं करता करता हल्ली कापडी बिल्ल्यांचा नाद लागलाय. गणवेशाच्या दंडावर शिवतात ते, ज्यांना इंग्रजांच्या फौजेत फॉर्मेशन साइन म्हणत आणि अमेरिकन लोक शोल्डर पॅच म्हणतात. एका लिलावात मिश्र गठ्ठा मिळाला. सोबतच्या चिठ्ठीवर फक्त 'सर्व दुसरे महायुद्ध, अस्सल' एवढंच. माझा त्यावर विश्वास नाही, पण अविश्वास कुठून सुरू करायचा तेही कळत नाही. सहा फोटो टाकतोय.

फोटो १: कोनावर उभा केलेला लाल चौकोन, त्यात पिवळं स्वस्तिक.
फोटो २: काळ्या चौकोनात लाल गोल. भरतकाम नाही, कापडावर छापलेला.
फोटो ३: ढाल. वर निळ्या पट्ट्यात सूर्य आणि तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. जरीकाम.
फोटो ४: काळ्या ढालीवर गरुडाचं डोकं, वर 'एअरबोर्न' (विमानातून उतरणारी फौज) लिहिलेली कमान.
फोटो ५: पिवळ्या गोलात काळा कोळी.
फोटो ६: हासुद्धा एअरबोर्नवालाच, पण हे चिन्ह मला कुठल्याच डिव्हिजनच्या यादीत सापडलं नाही.

पहिला तर कुणाला दाखवायचीही भीती वाटते.

चिंधीचोर

वाचतोय. फोटो ५ बायकोला दाखवला, ती चप्पल शोधतेय.

भिंगवाला

खाकीवेडा, सगळे फोटो समोरून काढलेत. आमच्यात समोरची बाजू शेवटी बघतात. मागची बाजू, कड जवळून, आणि फूटपट्टी शेजारी ठेवून एक, असे तीन-तीन फोटो प्रत्येकाचे टाका. आकृतीची नक्कल कुणीही करतो. मागे दोरा कसा धावलाय याची नक्कल करायला तसंच मशीन आणि तसाच दोरा लागतो, आणि तेवढी मेहनत फार थोडे लोक घेतात.

तोवर एक गोष्ट. बिल्ल्यातली बहुतेक लक्षणं तुम्हाला 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतात. 'याच्या नंतरचा नाही' असं सांगणारं लक्षण बिल्ल्यात जवळपास नसतंच. सुती दोरा १९४३ मध्ये होता, आजही आहे. उलट पॉलिएस्टरचा दोरा दिसला तर १९४३ बाद. म्हणून बिल्ल्यातली सगळ्यात नवी वस्तू शोधायची, मग ती दोरा असो, कड असो किंवा मागचा गोंद असो. तारीख तिथून पुढे सुरू होते. नवे लोक उलटं करतात. सगळ्यात जुनं लक्षण धरतात आणि त्यावर अख्खा बिल्ला जुना करून टाकतात.

'नंतरचा नाही' हे हवं असेल तर बिल्ल्याच्या बाहेर जावं लागतं. तारीख असलेला फोटो, पत्र, किंवा बिल्ला ज्या कोटावर शिवलाय त्याच्या आतलं लेबल. अमेरिकन कपड्यांच्या लेबलवर 'डीएसए-१००-६७-सी' अशासारखा ठेक्याचा क्रमांक दिसला तर मधला ६७ म्हणजे १९६७ चं आर्थिक वर्ष. ही डीएसए नावाची पुरवठा संस्था १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, आणि १९७७ पासून तिचं नाव डीएलए झालं, त्यामुळे नुसत्या आद्याक्षरांवरूनही बरंच कळतं. सुट्या बिल्ल्यांच्या सरकारी पाकिटांवरही हे क्रमांक असतात. पाकीट कधी फेकू नये.

शंकासुर

एवढा घोळ कशाला? नोटा तपासायचा जांभळा दिवा घ्या, अंधारात धरा. चमकला तर नकली, नाही चमकला तर अस्सल. माझ्या ओळखीतले सगळे संग्राहक हेच करतात.

खाकीवेडा

@शंकासुर, केलं आत्ताच. फोटो ४ ची कड ट्यूबलाइटसारखी पेटली. फोटो २ चं कापड थोडं निळसर दिसतंय, सगळीकडे सारखं नाही. बाकीचे काळे. म्हणजे २ आणि ४ बाद?

भिंगवाला

४ बद्दल नंतर. पण २ ला घाईने फासावर देऊ नका.

दिव्यात चमकतं ते ऑप्टिकल ब्राइटनर नावाचं रसायन. कापड-दोरा पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सर्रास झालं, आणि त्याच सुमाराला कपडे धुण्याच्या पावडरीतही आलं. आता बघा, १९४४ चा खरा बिल्ला कुणाच्या तरी कोटावर होता, कोट पुढे घरात वापरला, पंचवीस वेळा पावडरीत भिजला. तो चमकणारच. पण तो डागाडागांनी, ढगाळ चमकतो, कापडभर. दोऱ्यातच ब्राइटनर असेल तर तो एकच दोरा आखल्यासारखा चमकतो आणि शेजारचा काळा राहतो. तुमच्या २ चं वर्णन धुतल्याचं वाटतंय.

उलट बाजूही आहे. न चमकणं म्हणजे अस्सल नव्हे. आज ब्राइटनर नसलेला सुती दोरा मागवला की मिळतो, आणि नकली बनवणाऱ्यांकडेही तुमच्यासारखाच दिवा असतो.

शंकासुर

मग दिव्याचा उपयोग काय?

भिंगवाला

प्रश्न विचारायला. उत्तर द्यायला नाही.

टीपदोरा

इथे क्वचित लिहिते. संग्राहक नाही, पण भरतकामाच्या मशीनवर अर्धं आयुष्य गेलंय, तेव्हा मागच्या बाजूबद्दल बोलण्याचा हक्क थोडा माझाही.

दोन्ही महायुद्धांच्या काळातले कारखान्यातले भरीव बिल्ले बहुतेक शिफ्ली मशीनवरचे. स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोबली यांनी १८६३ मध्ये काढलेलं मशीन. खालचा दोरा होडीच्या आकाराच्या छोट्या धोट्यात असतो, त्यावरूनच नाव. लांबलचक कापड उभं ताणायचं, त्याच्यासमोर शेकडो सुया, आणि सगळ्या सुया एकाच वेळी तेच चित्र भरतात. जुन्या पद्धतीत कारागीर मोठ्या केलेल्या नकाशावरून टोक फिरवत जायचा आणि पँटोग्राफमुळे तीच हालचाल लहान होऊन सुयांपुढच्या कापडाला मिळायची. पुढे छिद्रांच्या पट्टीवर चालणारी आली.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, त्याच ताग्यातले बिल्ले अगदी सारखे निघतात, पण दुसऱ्या कारखान्यातले किंवा दुसऱ्या वेळचे वेगळे. त्यामुळे 'माझ्या गरुडाची चोच त्याच्या गरुडापेक्षा बारीक आहे' म्हणून नकली ठरवू नका. दोन, खालचा दोरा. अमेरिकन युद्धकालीन बिल्ल्यांच्या मागे बहुतेकदा पांढरा दोरा इतका दाट पसरलेला असतो की समोरचे रंग जेमतेम डोकावतात. संग्राहक त्याला 'स्नो बॅक' म्हणतात असं इथेच वाचलं होतं. हिरवट खालच्या दोऱ्याचेही असतात.

आजच्या कॉम्प्युटर मशीनची मागची बाजू वेगळी. प्रत्येक भरीव पट्टीच्या मागे मधोमध पांढऱ्या बॉबिनची बारीक रेघ, दोन्ही कडांना समोरचाच रंग वळून आलेला. एका भागातून दुसऱ्यात जाताना मारलेल्या उड्या, कापलेल्या दोऱ्यांची टोकं, आणि खाली आधाराला घातलेले आडवे-तिरके टाके. शिवाय न विणलेल्या कापडाचं फाडून काढलेलं अस्तर कडेला चिकटलेलं. हे दिसलं की समोर काहीही असो.

फोटो ४ ची मागची बाजू टाका. कडेबद्दल मला शंका आहे.

खाकीवेडा

टाकली. सगळ्यांच्या मागच्या बाजू वर जोडल्यात. ४ च्या कडेला जाडसर गोल गोठ आहे, आणि मागे खालच्या बाजूला दोऱ्याची बोटभर शेपटी चिकटवलेली.

टीपदोरा

मग झालं. हा मेरो कंपनीच्या मशीनचा ओव्हरलॉक. कापलेल्या कडेवरून दोरा गोल फिरत जातो, सुरुवात-शेवट जिथे भेटतात तिथे शेपूट उरते, ती मागे वळवून चिकटवतात. आधीच्या पद्धतीत भरतकामाची शेवटची रांग हीच कड. तिच्या बाहेरून कात्रीने कापायचं, म्हणून कड सपाट, आणि भिंगाखाली कापडाचे बारीक धागे बाहेर आलेले दिसतात.

भिंगवाला

टीपदोरा ताईंना अनुमोदन. अमेरिकन सरकारी बिल्ल्यांवर मेरो कड १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सरसकट येते. तुरळक आधीचेही सापडतात, त्यामुळे नुसत्या कडेवर मी निकाल दिला नसता. पण कड मेरो, दोरा दिव्यात एकसारखा पेटतो, आणि मागे कडक प्लॅस्टिकसारखा लेप आहे. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. हा १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचाच बिल्ला आहे, 'स्क्रीमिंग ईगल', पण नॉर्मंडीत उतरलेल्यांच्या दंडावरचा नाही. नकली म्हणायचीही गरज नाही. डिव्हिजन आजही आहे, बिल्ले बनतच असतात. चिठ्ठी खोटी, बिल्ला नाही.

याच डिव्हिजनचे व्हिएतनाममधले हिरव्या कापडावर काळ्या दोऱ्याचे मिळतात. चमकदार रंग जंगलात लांबून दिसतात म्हणून १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर ते आले. आणि मागे वेल्क्रो असेल तर २००४-०५ च्या आधी जायचंच नाही, कारण अमेरिकन सैन्याच्या नेहमीच्या गणवेशावर वेल्क्रोचे बिल्ले त्या वेळच्या नव्या डिजिटल छापाच्या पोशाखाबरोबर आले.

इतिहासघोडे

फोटो १ बद्दल कुणीच बोलत नाही, मी बोलतो. घाबरू नका, याचा हिटलरशी काही संबंध नाही.

हा अमेरिकेच्या ४५ व्या इन्फंट्री डिव्हिजनचा. ओक्लाहोमा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना इथल्या नॅशनल गार्डमधून ही डिव्हिजन उभी राहिली. त्या भागातल्या मूळ निवासी जमातींमध्ये स्वस्तिक शुभचिन्ह होतं, म्हणून ते घेतलं. लाल-पिवळे रंग त्या प्रदेशाच्या स्पॅनिश भूतकाळाचे. पुढे नाझींनी त्या चिन्हाची जी अवस्था केली त्यामुळे ते बदलणं भाग पडलं, आणि १९३९ मध्ये थंडरबर्ड पक्षी आला. सिसिली, सालेर्नो, अँझिओला हे लोक लढले ते थंडरबर्ड लावून. १९४५ च्या एप्रिलमध्ये डाखाऊची छावणी मुक्त करणाऱ्यांतही हीच डिव्हिजन होती.

म्हणजे चिठ्ठीवरचं 'दुसरे महायुद्ध' इथेही चुकलं, पण उलट्या दिशेने. बिल्ला खरा असेल तर अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधीचा.

खाकीवेडा

बाप रे. हा तर मी पाकिटात उलटा ठेवला होता. पण 'खरा असेल तर' यावर मी अडकलो.

भिंगवाला

तुमचा मागचा फोटो बघितला. लोकरी बनातीचा लाल तुकडा, त्यावर पिवळी बनात कापून हाताने टाचलेली. १९२०-३० च्या दशकांतल्या अमेरिकन बिल्ल्यांत हे अपेक्षितच आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जेव्हा अमेरिकन बिल्ले सुरू झाले तेव्हाही बनातीवर बनात हीच रीत होती. ८१ व्या डिव्हिजनने १९१८ मध्ये रानमांजर लावलं, बाकीच्यांनी कुरकुर केली, आणि अमेरिकन सेनापती पर्शिंगने शेवटी सगळ्यांनाच परवानगी दिली. तेव्हा फ्रान्समध्येच स्थानिक शिवणकाम करणाऱ्यांकडून ढिगाने बनवून घेतलेले आहेत. दोन सारखे मिळणं कठीण.

तुमच्यावर कसर लागल्याची भोकं आहेत. लोकरीला कसर लागते, सुताला लागत नाही, आणि नकली बनवणारा सहसा लोकर खरोखर कसरीला खाऊ घालत बसत नाही. कसरीचं खाणं वरवर सरकत जातं, मधेच तंतू अर्धवट कुरतडलेले राहतात. सुईने किंवा सिगारेटने पाडलेलं भोक सरळ आरपार असतं. भिंगाखाली बघा. शिवाय मागे हिरवट-तपकिरी लोकरीचे तंतू चिकटलेत का? कोटावर वर्षानुवर्षं शिवलेला असेल तर कोटाची लव मागे येतेच.

एक मात्र. स्वस्तिकामुळे या बिल्ल्याला मागणी आहे, आणि मागणी आली की नकला आल्या. जुनी बनात जुन्या कोटांतून कापून मिळते. म्हणून दोरा तपासा. बनात जुनी आणि टाचायचा दोरा नवा असं असेल तर दोऱ्याचं ऐका.

टीपदोरा

दोऱ्याचं एक टोक निघत असेल तर काडीएवढं कापून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि हलकी राख राहते. लोकर-रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर-नायलॉन आकसून त्याचा कडक मणी होतो. बिल्ल्याला ज्योत लावायची नाही. हे लिहावं लागतं, कारण लोक लावतात.

चिंधीचोर

शेवटचं वाक्य वाचून कुणाकडे बघू?

निवृत्त_सुभेदार

नमस्कार. फोटो २ वर माझा हक्क. पाचवी इंडियन डिव्हिजन, 'बॉल ऑफ फायर'. एरिट्रियात केरेनला होती, मग उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, मग बर्मातलं आराकान, आणि तिथून विमानाने उचलून इम्फाळ-कोहिमाला आणली. या चिन्हाला तेव्हाच्या जवानांनी आणखी एक नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिता येणार नाही.

छापील आहे म्हणून नाराज होऊ नका. युद्धात सूत आणि मजुरी वाचवायला इंग्रजांनी सुती कापडावर छापलेले बिल्ले फार मोठ्या प्रमाणावर काढले. भरीव असला म्हणजे अस्सल आणि छापील म्हणजे स्वस्त नक्कल, हे डोक्यातून काढा. हिंदुस्थानात बनलेले मात्र सगळ्या तऱ्हांचे असतात: छापील, बनातीचे, साध्या ड्रिल कापडावर साखळी टाक्याने भरलेले. पलटण जिथे मुक्कामाला असेल तिथला शिंपी जसा जमेल तसा करून द्यायचा.

आपल्याकडच्या चिन्हांची गंमत अशी की ती संपत नाहीत. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, सतराव्याची काळी मांजर, एकोणिसाव्याचा खंजीर, पंचविसाव्याचा इस्पिकचा एक्का, सव्विसाव्याचा वाघ. ही नावं आजच्या भारतीय सैन्यात चालू आहेत. सध्याची ५ माउंटन डिव्हिजनही बॉल ऑफ फायरच. सातव्या डिव्हिजनचा सोनेरी बाण तर फाळणीनंतर दोन्हीकडे गेला. फिरोजपूरची आपली सातवी डिव्हिजनही गोल्डन ॲरो आणि पाकिस्तानची सातवीही गोल्डन ॲरो. तेव्हा नुसतं चिन्ह ओळखून वर्ष ठरत नाही. देशसुद्धा ठरत नाही.

इतिहासघोडे

सुभेदार साहेब, सतराव्या डिव्हिजनचं मांजर आधीपासून नव्हतं ना?

निवृत्त_सुभेदार

बरोबर. आधी विजेचा लोळ होता. १९४२ मध्ये बर्मातून माघार घेतल्यावर बदलून काळी मांजर आली. म्हणून विजेचा लोळवाला मिळाला तर तो फार थोड्या महिन्यांचा. असे बदल पाठ असले की तारीख फुकट मिळते. अमेरिकन ४५ व्याचं वर इतिहासघोडे यांनी सांगितलंच.

मुकुटाचंही तसंच. इंग्रजी किंवा ब्रिटिश हिंदुस्थानी बिल्ल्यावर मुकुट असेल तर त्याच्या कमानी बघा. वर फुगून गोल गेल्या असतील तर राजाचा, म्हणजे ट्यूडर क्राउन, १९०१ पासूनचा. मधोमध खाली दबलेल्या असतील तर सेंट एडवर्ड क्राउन, एलिझाबेथ राणीच्या काळचा, १९५३ च्या आसपासपासून पुढे. आपल्याकडे १९५० ला प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. पूर्वी 'राजाचा मुकुट म्हणजे १९५३ च्या आधीचा' असं बिनदिक्कत सांगता यायचं. आता २०२२ पासून चार्ल्स राजाने पुन्हा ट्यूडर मुकुट घेतलाय. नवे बिल्ले जुन्या मुकुटाचे येऊ लागलेत.

शंकासुर

आणि त्यातला दोरा जांभळ्या दिव्यात चमकेल. बघा, दिवा कामाला आला.

भिंगवाला

हे मान्य.

निवृत्त_सुभेदार

फोटो ५ चा कोळी ८१ व्या वेस्ट आफ्रिकन डिव्हिजनचा. ही १९४३ मध्ये नायजेरियात उभी राहिली आणि बर्मात कलादानच्या खोऱ्यात लढली. कोळी म्हणजे तिकडच्या लोककथांतला अनान्सी, अंगाने लहान पण डोक्याने सगळ्यांना पुरून उरणारा. हा दंडावर डोकं खाली करून लावायचे. का, तर बंदूक रोखायला हात पुढे केला की कोळी शत्रूकडे चाल करून जाताना दिसतो. तुम्ही फोटोत उलटा धरलाय.

यावरून आठवलं. इंग्रजी पद्धतीत प्राण्यांचे बिल्ले पुष्कळदा जोडीने बनत. डाव्या दंडावरचा एकीकडे तोंड करून, उजव्यावरचा दुसरीकडे, म्हणजे दोन्ही पुढेच बघतात. एखादा प्राणी पुस्तकातल्या चित्राच्या उलट दिसला म्हणून लोक 'छपाईची चूक' किंवा 'नकली' म्हणतात. तो फक्त दुसऱ्या हाताचा असतो.

खाकीवेडा

सुभेदार साहेब, नमस्कार करतो. ५ सुलटा केला. आता फोटो ६. मागे भरपूर पांढरा दोरा, कड कापलेली, दिव्यात काळा. म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या कसोट्यांवर युद्धकाळातला. पण अमेरिकेच्या एअरबोर्न डिव्हिजन दुसऱ्या महायुद्धात पाचच ना? ११, १३, १७, ८२, १०१. हा त्यांतला कुठलाच नाही.

इतिहासघोडे

याचीच वाट बघत होतो.

आधी साधी शक्यता काढून टाकू. युद्धानंतर १९४६ ते १९५२ मध्ये ८०, ८४, १०० आणि १०८ या राखीव डिव्हिजन काही वर्षं एअरबोर्न होत्या. त्यांच्या चिन्हांवर ती कमान चढली होती. तुमचं चिन्ह त्यांचंही नाही, मी ताडून पाहिलं.

मग उरतं ते भुताटकीचं सैन्य. १९४४ मध्ये मित्रराष्ट्रं नॉर्मंडीत उतरणार होती, पण जर्मनांना पटवायचं होतं की खरी धडक फ्रान्सच्याच किनाऱ्यावरच्या पा-द-कॅलेला बसणार. या बनावाचं नाव ऑपरेशन फॉर्टिट्यूड. अमेरिकन जनरल पॅटनच्या नावावर एक अख्खा आर्मी ग्रुप आग्नेय इंग्लंडमध्ये असल्याचा आभास उभा केला. खोटी रेडिओ वाहतूक, फुगवायचे रणगाडे, दुहेरी हेर. त्यात नसलेल्या डिव्हिजनही होत्या: अमेरिकन ६, ९, १८, २१ आणि १३५ वी एअरबोर्न, शिवाय बऱ्याच इन्फंट्री. या कधीच अस्तित्वात नव्हत्या, पण त्यांची चिन्हं आखली गेली आणि बिल्ले खरोखर भरले गेले.

तुमचा त्यांतलाच. कुठला ते आकृती ताडून सांगतो, पण जात हीच.

खाकीवेडा

म्हणजे डिव्हिजन खोटी आणि बिल्ला खरा?

भिंगवाला

हो, आणि तुमच्या गठ्ठ्यातला मला सगळ्यात आवडलेला. फक्त 'सैनिकाने लावलेला' असं त्यावर लिहू नका. हे बिल्ले युद्धानंतरही संग्राहकांसाठी फिरत राहिले. अमेरिकेत पोरंटोरंसुद्धा बिल्ले जमवून वह्यांत चिकटवत. तुमच्या मागच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात पिवळट गोंदाचा डाग आहे, आणि सुईची भोकं कुठेच नाहीत. हा कोटावर कधी चढलाच नाही, वहीत राहिला.

गोंद काढायला जाऊ नका. धुऊ नका, इस्त्री नको. पीव्हीसीच्या चकचकीत अल्बममध्ये तर अजिबात नको, ते प्लॅस्टिक काही वर्षांनी तेलकट होतं आणि रंग ओढतं. आम्लविरहित कागद, सपाट ठेवा, अंधारात. लोकरीचे वेगळे, नाहीतर क्रमांक १ ची कसर बाकीच्या लोकरी भाईबंदांकडे पाहुणचाराला जाईल.

टीपदोरा

आता ३ राहिला. त्याच्यावर मी मुद्दाम गप्प होते.

खाकीवेडा

तोच मला सगळ्यात अस्सल वाटतोय. जर काळवंडलीय, हाताचं काम आहे, दिव्यात काही चमकत नाही. चिन्ह मला सापडलं, सीबीआय, म्हणजे चायना-बर्मा-इंडिया थिएटर (युद्धाचा मोठा विभाग). चीनचा सूर्य, हिंदुस्थानचा तारा.

भिंगवाला

ओळख बरोबर. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये हे थिएटर दोन तुकड्यांत विभागलं गेलं, चायना वेगळं आणि इंडिया-बर्मा वेगळं, पण लोकांनी ढाल काढली नाही. हिंदुस्थानात आलेले अमेरिकन बाजारातल्या जरदोजी कारागिरांकडून हे भरून घेत. रेशमी, चामड्याचे, जरीचे, किती तऱ्हा आहेत याला गणतीच नाही. एकाचा सूर्य बारा किरणांचा, दुसऱ्याचा मोजायलाच नको. म्हणूनच हा नकली बनवणाऱ्यांचा लाडका. जिथे मूळ नमुनाच ठरलेला नाही तिथे चूक पकडणार कशी? आणि ज्या हातांनी तेव्हा केलं तेच कसब आजही या उपखंडात आहे. सियालकोटमध्ये जरीचे बिल्ले अजून बनतात, परदेशात जातात.

टीपदोरा

जरीबद्दल आधी. तार खरी आहे. पिळाची दबका तार आणि मध्ये सलमा, दोन्ही धातूची, प्लॅस्टिकच्या झिलईचा दोरा नाही. काळवंडणंही नीट आहे, उंचवट्यावर कमी आणि खाचांत जास्त. रसायनाने काळं केलं की सगळीकडे सारखं होतं, आणि बाजूच्या कापडावर डाग उतरतो. इथे कापड स्वच्छ आहे. म्हणजे समोरून नाव ठेवायला जागा नाही.

मागे या. मागे पांढरं अस्तर लावलंय. तुम्ही काढलेला जवळचा फोटो मोठा करून बघा, डाव्या बाजूला जिथे ते थोडं सुटलंय तिथे. कापडावर सारख्या अंतरावर बारीक ठिपके दिसतील. ते गोंदाचे ठिपके आहेत. शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ते फ्यूजिंगचं कॅनव्हास, इस्त्रीने चिकटणारं. ठिपक्यांचं फ्यूजिंग युद्धाच्या काळातलं नाही, बऱ्याच पुढचं. त्या वेळी जरीकामाच्या मागे खळ लावलेला कागद किंवा मांजरपाट असायचं.

खाकीवेडा

अस्तर नंतर कुणी लावलं असेल तर? दुरुस्ती म्हणून?

टीपदोरा

तोच प्रश्न मीही स्वतःला विचारला. म्हणून कडेकडे बघितलं. कडेची जर अस्तरावरून वळवून अस्तरालाच टाचलीय. अस्तर आधी, जर नंतर. दुरुस्ती असती तर उलट दिसलं असतं.

भिंगवाला

ताईंनी पकडलं ते मी सोडलं असतं. तरी 'नकली' हा शब्द लगेच नको. चायना-बर्मा-इंडियामध्ये सेवा केलेल्यांची माजी सैनिक संघटना १९४८ पासून होती. त्यांचे मेळावे व्हायचे, आणि म्हाताऱ्यांना कोटावर लावायला ढाल हवी असायची. अशांसाठी नंतर भरलेले बिल्ले प्रामाणिकपणेच बनलेत. फसवायला बनवला की आठवणीसाठी, हे दोरा सांगत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने काय सांगून विकला, तेवढंच आपल्याला माहीत आहे.

शंकासुर

मग पाकिटावर लिहायचं काय?

भिंगवाला

'सीबीआय, हाताचं जरीकाम, फ्यूजिंग अस्तर, युद्धोत्तर.' जे दिसतं ते. अंदाज हवा असेल तर पेन्सिलीने, कंसात.

खाकीवेडा

अस्तर थोडं सुटलंच आहे. पूर्ण उचलून आत काही कागद, शिक्का आहे का बघू का?

टीपदोरा

नको. कडेची जर त्याच अस्तराला धरून आहे, ओढलंत की सुटत जाईल. सुटलेल्या जागेतून टॉर्च मारा आणि मोबाइल तिरका धरून फोटो काढा. कागद असेल तर कडेची घडी दिसेल. उद्या टाका, मी बघते.